लांबचं चाक आधी

सायकलवाला आडवा आला आणि मी ब्रेक मारला. झालं ते एवढंच. गाडी थांबली, मी मुद्दाम त्याच्या रस्त्यात जन्माला आलो असल्यासारखं सायकलवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण माझा डावा हात शेजारच्या सीटपुढे आडवा पसरलेला होता. पंजा उघडा, बोटं ताठ. शेजारचं माणूस पुढच्या काचेवर आपटू नये म्हणून. शेजारच्या सीटवर माणूस नव्हतं, नुकताच विकत घेतलेला ब्रेक ऑइलचा डबा होता, आणि तो घरंगळून खाली पडला होता. हाताने त्याला वाचवलं नाही, कारण हात डब्यासाठी गेलेलाच नव्हता. तो बराच वर गेला होता, एका ठरावीक उंचीच्या बाईच्या खांद्याइतका वर, आणि तिथे कुणीच नसताना पहाऱ्यावर उभा राहिला होता. मागच्याने हॉर्न वाजवला तेव्हा मी हात परत आणून स्टिअरिंगवर ठेवला. पाहुण्यांसमोर नको ते बोलून गेलेल्या पोराला आपण दंडाला धरून बसवतो, तसा. आमच्या वेगळं होण्याच्या कागदाच्या तीन प्रती निघाल्या होत्या. एक तिला, एक मला, एक कोर्टाच्या दप्तराला. हाताला कुणी प्रत दिली नव्हती.

मी विमा कंपनीत अपघातांचे अर्ज वाचतो. बावीस वर्षं वाचतोय. अपघात झालेला माणूस अर्जात स्वतःला कधी हललेला दाखवत नाही. भिंत पुढे येते, खांब आडवा होतो, खड्डा गाडीला आपल्याकडे ओढून घेतो. एकाने लिहिलं होतं, 'मी माझ्या बाजूने शांतपणे जात असताना झाडाने निर्णय घेतला.' अशा अर्जांवर मी 'नेमकं काय झालं ते लिहावं' असा शेरा मारतो. इतक्यांदा मारतो, की कार्यालयाने त्याचा रबरी शिक्काच करून दिलाय. आता स्वतःच्या बाबतीत मी मनात म्हणत होतो, 'हात पुढे गेला.' मी हात पुढे केला, असं नाही. शिक्का घरी न्यायची परवानगी नाही, म्हणून सुटलो.

ती दहाला येणार होती. जीपच्या ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात, आणि जीप तिची होती. म्हणजे तिच्या वडिलांची. सासरे रस्त्यांची आखणी करायचे. जिथे रस्ता नाही तिथे तो कुठून जाईल हे ठरवायला आधी कुणीतरी जावं लागतं, म्हणून त्यांना ही गाडी. डोंगर, नदीचं पात्र, माती वाहून गेलेले उतार, सगळीकडे ती गेली होती, आणि शेवटी आमच्या घराच्या मागच्या शेडमध्ये येऊन ताडपत्रीखाली बसली. सासरे बोलायचे कमी. गाडीबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, 'चढताना गाडी बंद पडते. मरायचं असेल तर ते उतरताना.' मी तेव्हा नवा जावई होतो. हा सल्ला गाडीपुरता आहे की व्यापक आहे हे विचारायचा धीर झाला नाही. वेगळं होताना तिने घरातलं काही मागितलं नाही. कपाट नको, पुस्तकं नको, तिनेच निवडलेले पडदेसुद्धा नको. फक्त जीप. वर डोंगरात बियाण्यांचं संशोधन केंद्र आहे, तिथे तिला नोकरी मिळाली होती आणि सोमवारी हजर व्हायचं होतं. रस्त्यावर चौदा वळणं आहेत म्हणे. इंजिन चालू झालं होतं, गिअर पडत होते, दिवे लागत होते, कागदपत्रं नवी झाली होती. फक्त ब्रेक राहिले होते. महिनाभर मी त्या नळ्यांवर काम करत होतो, आणि एका महिन्यात जेवढं हळू करता येईल तेवढं हळू केलं होतं. ब्रेक लागले की गाडी जाणार. असं काम जगात थोड्यांच्या वाट्याला येत असेल.

नळ्यांचं काम तसं नाजूक आहे. नळी मापाने कापायची, वाकवायची, तिच्या टोकाचं तोंड फुलासारखं फुलवायचं, म्हणजे ते सांध्यात गच्च बसतं. पण फुलवण्याआधी नट नळीत ओवायला हवा. तोंड फुललं की नट आत जात नाही. ही गोष्ट मला पहिल्या नळीला कळली, आणि दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या नळीला पुन्हा कळली. दर वेळी सुंदर फुलवलेलं तोंड हातात धरून मी बघत बसायचो, आणि नट शेजारी बाकावर, मुहूर्त चुकलेल्या नवऱ्यासारखा. मग तोंड कापून टाकायचं आणि पुन्हा सुरुवात. चौथी नळी एका फटक्यात जमली, तेव्हा एवढं वाईट वाटलं की मी त्या दिवशी पुढे कामच केलं नाही.

दहाला दोन मिनिटं असताना ती दारात उभी होती. मी खिडकीतून पाहिलं. तिने बेलचं बटण दाबलं आणि थांबली. आमची बेल वाजत नाही. सहा वर्षं वाजत नाही, आणि त्यातली पाच वर्षं ती मला ते रोज सांगत होती. तरी तिने परक्या बाईसारखी न वाजणारी बेल दाबली आणि कुणी उघडेल म्हणून वाट पाहत राहिली. मी दार उघडलं.

"बेल बंद आहे," मी म्हणालो.

"हो का?" ती म्हणाली.

केस बारीक कापले होते. मान उघडी पडली होती आणि मानेवरचा तीळ, जो मला वाटायचं की फक्त मला माहीत आहे, तो आता येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना दिसत होता. चहा विचारला. नको म्हणाली, आधी काम. शेडमध्ये जाऊन तिने गाडीभोवती एक चक्कर मारली. गाडी चार ठोकळ्यांवर उभी, चाकं काढून भिंतीला लावलेली. अंघोळीला बसवलेल्या म्हाताऱ्यासारखी दिसत होती. पुढच्या एका चाकाच्या जागेपाशी ती उकिडवी बसली, आत डोकावून बराच वेळ बघत राहिली, आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"नळ्या छान वळवल्यास," ती म्हणाली.

मला इतका आनंद झाला की मी उगीच पाना शोधायला लागलो. पाना हातातच होता.

हवा काढायची पद्धत अशी. नळ्या नव्या जोडल्या की त्यांत तेलाबरोबर हवा राहते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते; म्हणून पेडल दाबलं की हवाच आकसते, चाकापर्यंत काही पोचत नाही, आणि पाय ओल्या गादीत रुतल्यासारखा खाली जातो. तेव्हा एकाने सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, आणि दुसऱ्याने चाकामागे आडवं होऊन तिथलं निपल सैल करायचं. निपल म्हणजे एक पोकळ स्क्रू. त्याला लावलेल्या पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात. निपल घट्ट केलं की मगच वरच्याने पाय सोडायचा. आधी सोडला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं मुसळ केरात. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. फक्त आवाज. आणि सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून करायची, मग जवळ जवळ यायचं. हे सासऱ्यांनी आम्हाला दोघांना शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, याच शेडमध्ये. तेव्हाही ती सीटवर होती आणि मी खाली.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

बाटलीत बुडबुडे आले, फेसाळ, तपकिरी.

"खाली गेलं," तिचा आवाज आला.

निपल घट्ट केलं. "सोड."

"सोडलं."

मागचं डावं झालं, मागचं उजवं झालं. त्या दोन चाकांवर आम्ही शेवटच्या सगळ्या वर्षांत बोललो नसू एवढं बोललो. बोलायला शब्द चार होते, पण एकाने म्हटलं की दुसरा उत्तर देत होता आणि जे म्हटलं तेच करत होता. घरात असं शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवेना. घरात मी काही म्हटलं की ती 'बरं' म्हणायची आणि ती काही म्हणाली की मी विनोद करायचो. माझ्या विनोदांना बाहेर बरं नाव होतं. निरोपसमारंभांना मला बोलायला लावत. ती समोरच्या रांगेत बसून हसायची, आणि परतताना गाडीत म्हणायची, 'छान बोललास. आता घरी पोचेपर्यंत नुसतं बोल.' मला त्यातला फरक कळत नसे. म्हणजे कळत असे, पण त्यावरही एक विनोद सुचत असे. आता फरशीवर पाठ टेकून, नाकावर तेल ठिबकत असताना, चाळिशी कपाळावर सरकवून मी तिला 'दाब' म्हणत होतो, आणि वरून 'दाबलं' येत होतं; कुठलाच विनोद सुचत नव्हता आणि सुचायला नको होता. तिच्या बुटाचा तळवा पेडलवरून उचलला की चट् असा एक आवाज यायचा. तो मी ऐकत होतो.

पुढच्या डाव्या चाकाला आल्यावर बुडबुडे आलेच नाहीत. पहिल्या दाबालाच स्वच्छ तेल, मधासारखं. पेडल मात्र तसंच खोल जात होतं. मी म्हटलं, आणखी दहा वेळा करू. केलं. तेल स्वच्छ, पेडल गादी. मग मी मान तिरकी करून नीट पाहिलं. तेलाची नळी चाकामागच्या सिलिंडरच्या, म्हणजे तेलाच्या दाबाने ब्रेक ढकलणाऱ्या नळकांड्याच्या, वरच्या अंगाला शिरत होती. निपल खालच्या अंगाला होतं.

हवा वर जाते. शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. निपल वरच असायला हवं, म्हणजे हवेला बाहेर पडायला वाट मिळते. खाली असलं तर खालून कितीही स्वच्छ तेल काढा, हवेचा गोळा वर आपला आरामात बसून राहतो. वर्षभर दाबलं तरी तो निघणार नाही. डावा सिलिंडर उजवीकडे आणि उजवा डावीकडे लागला होता. दोन्ही दिसायला जुळे. मागचे नवे मिळाले होते, पुढचे कुठे मिळेनात, म्हणून जुनेच घासून आत नवे रबर घालून बसवले होते, आणि ते ज्या पत्र्याच्या डब्यांतून निघाले त्यांवर तिच्या अक्षरात 'डावं' आणि 'उजवं' असं लिहिलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी गाडी खोलली तेव्हा तिने लिहिलं होतं. तेव्हा आम्ही गाडीच्या नाकासमोर दोन पालथ्या खोक्यांवर बसायचो, गाडीकडे तोंड करून, आणि आमच्या डाव्या हाताला जे येईल ते डावं. जगातले सगळे मेकॅनिक ड्रायव्हरच्या सीटवरून डावंउजवं ठरवतात. आम्ही तेव्हा जगाला विचारत नव्हतो. नंतर मी एकटाच होतो, आणि एकटा माणूस जगासारखंच वागायला लागतो. नळी वरच्या भोकात बसली, निपल खालच्या भोकात बसलं, म्हणजे बरोबर असणार असं मी धरून चाललो. जे बसतं ते बरोबर, ही माझी जुनी समजूत.

"काय झालं?" ती वरून म्हणाली.

आणि मी म्हणालो, "काही नाही. दाब."

हे मी म्हणालो. तोंडातून निघालं असं नाही. नेमकं काय झालं ते लिहायचं तर असं, की माझ्या लक्षात आलं होतं की हे काम असं कधीच संपणार नाही, आणि हे लक्षात आल्यावर माझ्या छातीत जे झालं त्याला आनंद म्हणतात. ती सीटवर होती. ती 'दाबलं' म्हणत होती. पेडल कडक होईपर्यंत ती उतरणार नव्हती आणि पेडल कडक होणार नव्हतं. दुपार होईल, मग जेवायचं काय विचारावं लागेल, संध्याकाळ होईल, सोमवारपर्यंत होत नाही असं केंद्राला कळवावं लागेल. केंद्रातली माणसं किती दिवस थांबतात हे मला माहीत होतं. पंधरा दिवस थांबतात.

कारण सहा वर्षांपूर्वी त्यांचा फोन मीच घेतला होता. दुपारची वेळ, ती बाहेर गेलेली. पलीकडून एक सभ्य आवाज म्हणाला, मॅडमची निवड झालीय, पंधरा दिवसांत होकार कळवायला सांगा, मग पत्र पाठवतो. मी चिठ्ठीवर नंबर लिहून घेतला. चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी ती थकून आली होती, म्हटलं सकाळी. सकाळी घाई होती. असं एकेक करत मी कधीच 'सांगणार नाही' असं ठरवलं नाही. मी फक्त रोज उद्या सांगणार होतो. शर्ट धुवायला पडला तेव्हा चिठ्ठी काढून पँटच्या खिशात ठेवली. पँट बदलली तेव्हा पाकिटात. त्या दिवसांत ती रोज टपाल बघायची आणि काही बोलायची नाही. पंधरा दिवस उलटल्यावर एकदा म्हणाली, 'नसेल झालं माझं.' मी म्हणालो, 'त्यांचंच नुकसान,' आणि मग डोंगरात राहणाऱ्या बियांवर काहीतरी विनोद केला. ती हसली. ते हसणं मला अजून ऐकू येतं, बहुतेक रस्त्यात सिग्नलला थांबलो की. आठ महिन्यांनी एका भांडणात, ते भांडण कशावरून होतं देव जाणे, मीच ते बोलून गेलो. ती ओरडली नाही. पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, 'आठ महिने तुझ्या खिशात होतं?' त्यानंतर आम्ही पाच वर्षं एकत्र राहिलो. पेडल दाबलं जात होतं, तेल स्वच्छ येत होतं.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

पुढचं उजवंही तसंच. स्वच्छ तेल, आणि पाय तळापर्यंत. मी पुन्हा डाव्याला आलो, पुन्हा उजव्याला. एवढ्यात कुंपणाच्या भिंतीवर शेजारच्या मास्तरांचं डोकं उगवलं. मास्तर शाळेतले नव्हेत, ड्रायव्हिंगचे. तीस वर्षं लोकांना गाडी शिकवून निवृत्त झालेत आणि त्यांनी शिकवलेल्यांचे अर्ज मी वाचतो.

"काय भाऊ, अजून हवाच का?" मास्तर म्हणाले. मग सीटवर कोण आहे ते दिसलं आणि त्यांची पंचाईत झाली. काय म्हणावं ते ठरवायला त्यांना एक क्षण लागला. "वहिनी, पाय दुखला असेल हो. पाऊण तास ऐकतोय मी, दाबलं, धरलंय, दाबलं, धरलंय. आमच्या स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं. घरच्यांनी आता ताल धरलाय."

"तुम्ही या की पाय द्यायला, मास्तर," ती म्हणाली.

"छे हो. मला सवय नाही, माझा ब्रेक वेगळा असायचा. शिकणारा त्याच्या बाजूने चालवतोय, आणि माझ्या पायाखाली माझा आपला एक. त्याला वाटायचं गाडी तोच थांबवतोय. काय एकेक भरवसा असायचा त्या चेहऱ्यांवर!" ते हसले. मग हसू तसंच ठेवून हळू म्हणाले, "सोमवारी ना वहिनी? वर थंडी आहे म्हणतात. गरम कपडे घ्या." आणि डोकं खाली गेलं.

मी गाडीखाली पाठीवर पडून होतो. डोळ्यांसमोर ते निपल, खालच्या अंगाला, त्याच्या टोकाशी स्वच्छ तेलाचा एक थेंब. वर तिचा पाय पेडलवर होता आणि बोटं बुटाच्या आत किंचित हलत होती. थकल्यावर ती तसं करते. तिला कुणीच सांगितलं नव्हतं की हे फुकट आहे. मलाच ते माहीत होतं, आणि मी गप्प होतो, आणि माझा खिसा रिकामा असूनही मला तिथे कागदाची घडी टोचत होती.

"अगं," मी म्हणालो, "सोड."

"निपल बंद केलंस?"

"केलं. सोड पाय. हे असं नाही निघणार. मी पुढचे सिलिंडर उलटे लावलेत. डाव्याचा उजवीकडे. निपल खाली आलंय. मला मघाशीच कळलं होतं."

वरून पेडलचा चट् असा आवाज आला.

"माहितीय," ती म्हणाली.

मी गाडीखालून सरकत बाहेर आलो. ती सीटवर बसली होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"कधी कळलं तुला?"

"आले तेव्हाच. वाकून बघितलं ना. डब्यांवर मीच लिहिलं होतं. आपण नाकासमोर बसायचो."

"मग बोलली का नाहीस?"

"आधी वाटलं, तुला ठाऊकच नसेल. मग तुझा 'दाब' ऐकला आणि कळलं की ठाऊक झालंय." ती अजून भिंतीकडेच बघत होती. "म्हटलं बघू या, या वेळी किती वेळ लागतो."

मी पान्यावरचं तेल पुसत राहिलो. पाना पुसून झाला तरी पुसत राहिलो.

"किती लागला?"

"चाळीस मिनिटं." आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं. डोळे भरलेले होते, पण तोंडाचा एक कोपरा वर गेलेला होता. "सुधारणा आहे."

हा विनोद होता. चांगला होता. समोरच्या रांगेत बसणाऱ्याने हसायचं असतं हे मला माहीत होतं. मी प्रयत्न केला, आणि जो आवाज निघाला त्याने भिंतीपलीकडे मास्तरांच्या घरातली भांडी वाजायची थांबली. ती खाली उतरली. माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. कोपऱ्यातून दोन खोकी आणली, पालथी घातली, गाडीच्या नाकासमोर नव्हे, एक या चाकापाशी आणि एक त्या चाकापाशी, आणि म्हणाली, "तू तुझा काढ, मी माझा काढते. मध्ये देऊघेऊ."

ते काम अडीच तासांचं होतं. ड्रम काढायचे, ब्रेकच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा सोडवायच्या, नळ्या सोडायच्या, सिलिंडर काढायचे. स्प्रिंग सुटून तिच्या अंगठ्याला लागली आणि तिने तिच्या वडिलांची एक अस्सल शिवी दिली. मी पट्टी आणायला उठलो तर म्हणाली, "बस. एवढं काही नाही." आम्ही फार बोललो नाही. केंद्रात कशाचं काम आहे ते मी विचारलं. पहिल्यांदाच विचारलं. ती म्हणाली की काही बिया वीस-वीस वर्षं झोपून राहतात आणि त्या मेल्या आहेत की झोपल्यात हे बाहेरून कळत नाही. लावून बघावंच लागतं. यावर मी काही बोललो नाही. मला दोन-तीन गोष्टी सुचल्या होत्या. मग गाडीच्या नाकासमोर, बम्परच्या वर, आमचे काळे झालेले हात एकमेकांसमोर आले. तिने तिचा सिलिंडर माझ्या हातात दिला, मी माझा तिच्या. तिची बोटं गार होती. जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला.

मग पुन्हा मागच्या डाव्यापासून. दाब, दाबलं, धर, धरलंय, सोड, सोडलं. पुढच्या डाव्याला निपल वर होतं; ते सैल केल्याबरोबर हवा अशी फसफसून आली, की बाटली हातातून सुटता सुटता राहिली. एवढी हवा आत होती. पुढच्या उजव्याला थोडे बुडबुडे, मग एखाददुसरा, मग नुसतं तेल. मला आणखी एक बुडबुडा दिसावा म्हणून मी नळीकडे बघत राहिलो. दिसला नाही.

"दाब."

"दाबलं." मग ती म्हणाली, "अरे, जात नाही खाली."

"पुन्हा दाब."

"नाही जात. पायरीवर पाय ठेवल्यासारखं लागतंय."

मी उठलो, तिच्याजवळ गेलो, तिने पाय बाजूला घेतला आणि मी हातानेच पेडल दाबून पाहिलं. बोटभर गेलं आणि थांबलं. कडक. खाली काहीतरी खरोखरचं होतं. एवढं चांगलं काम मी आयुष्यात दुसरं केलेलं नाही.

चाकं चढवली, ठोकळे काढले. चहा झाला, उभ्याउभ्याच, कारण खुर्च्या आत होत्या आणि आत जायचं कुणीच म्हणालं नाही. तिने बॅग मागे टाकली. मी विचारलं, "अंधाराआधी पोचशील?" ती म्हणाली, "उद्या पोचेन. आज आईकडे." मग म्हणाली, "बेल दुरुस्त करून घे. लोक येतात." मी म्हटलं, करतो. तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "उद्या नाही. आज करतो." तिने मान हलवली, गिअर टाकला आणि जीप शेडमधून बाहेर पडली. एवढी वर्षं जिथे ती उभी होती तिथे फरशीचा रंगच वेगळा होता.

मी फाटकापाशी उभा राहिलो. आमचा रस्ता उताराचा आहे आणि खाली चौक. जीप उतारावरून जायला लागली तसं मी फाटक घट्ट धरलं. सासऱ्यांचं वाक्य आठवलं आणि ते एकट्या गाडीबद्दल नव्हतं हेही कळलं. चौकाच्या पांढऱ्या पट्टीपाशी मागचे दोन्ही तांबडे दिवे लागले आणि गाडी थांबली. सरळ थांबली. डावीकडे ओढली नाही, उजवीकडे ओढली नाही. चारही चाकांनी एकाच वेळी धरलं. रस्ता मोकळा होता. आडवं कुणी येत नव्हतं. तरी दिवे लागलेलेच राहिले. थांबायला हवं त्याहून जास्त वेळ ती तिथे थांबून होती, पाय दाबून धरून, आणि मी इथून 'सोड' म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं असं नंतर वाटलं. मग पाय तिचा तिनेच सोडला. तांबडे दिवे विझले आणि जीप वळली.

भिंतीवर मास्तर केव्हा आले होते कोण जाणे. तेही चौकाकडेच बघत होते.

"ब्रेक मात्र झकास लागलाय, भाऊ," ते म्हणाले. "मानलं तुम्हाला. पाय वहिनींचा, पण बाकी सगळं एकट्याने केलंत?"

"नाही," मी म्हणालो. "दोघं होतो."